वाळलेल्या रानफुलांचे दिवस

आमच्याकडं रानफुलं फुललेली दिसतात दीड-दोन महिने, आणि वाळून उभी असतात पुढचे सहा-सात. जूनमध्ये पाऊस आला तर येतो, ऑगस्ट-सप्टेंबरात माळ फुलतो आणि दिवाळी उरकेपर्यंत रंग उतरलेला असतो. हिशेबानं पाहिलं तर मराठवाड्यातल्या रानफुलाचं नेहमीचं रूप वाळलेलंच. तरी फोटो काढायला माणसं येतात ती हिरवं असताना.

मला बांध आवडतो तो येळवशीला. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अवसेला सगळं घर शेतात जेवतं. भज्जी, आंबील, उंडे पोटात गेले की मंडळी कडब्याच्या कोपीशेजारी आडवी होतात, तेव्हा मी बांध धरते. एका अंगाला निसवलेली मालदांडी ज्वारी, दुसऱ्या अंगाला हरभरा आणि मध्ये हा वाळका पट्टा.

कुर्डूचं मला विशेष कौतुक. त्याच्या तुऱ्यातल्या पाकळ्या मुळातच कोरड्या, कागदी असतात, म्हणून झाड वाळलं तरी तुरा आपला जागेवर. गुलाबी शेंडा विटून रुपेरी होतो, एवढंच. तुरा तळहातावर झटकला की मोहरीहून बारीक, चकचकीत काळं बी पडतं. शेजारी दीपमाळ असते. चौकोनी दांडा आणि त्यात अंतराअंतरानं ओवलेले काटेरी गोळे. नारिंगी फुलं असताना नजर फुलांवरच जाते. ती गळाल्यावर कळतं की बांधणी किती नेटकी होती. पेटारीचं पिवळं फूल दुपार कलल्यावर उमलतं, त्यामुळं सकाळीच रानातून परतणाऱ्याला ते भेटत नाही. तिचं कडेनं दाते असलेलं गोल फळ मात्र सगळ्यांच्या ओळखीचं. लहानपणी आम्ही चिखलावर त्याचे ठसे मारायचो. घागरीच्या वाळल्या शेंगा तर वारा आला की आपोआप वाजतात.

कुसळीचं गवत तेवढं दुरूनच बरं. कलत्या उन्हात सगळा माळ तांबूस झळकतो, जवळ गेलं की साडीचा काठ भरलाच म्हणून समजा. मेंढ्यांच्या लोकरीतून ते कातडीपर्यंत टोचत जातं. पण करामत पाहण्यासारखी आहे. बियाला लांब, पिळाची शेपटी असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यातून टोकदार बी जमिनीत शिरत जातं. एक कुसळ ओल्या बोटावर ठेवून पाहा, बघता बघता फिरायला लागतं. वाळलेलं म्हणजे संपलेलं, असं म्हणणाऱ्याच्या हातात मी ते कुसळ देते.

सगळ्यात हुशार मात्र तरोटा. दिसायला काही खास नाही. वाकड्या, तपकिरी शेंगा नुसत्या लोंबत असतात. पण त्याच्या बियांचं कवच टणक. पहिल्या पावसात सगळ्याच बिया उगवत नाहीत, काही मागं थांबतात, काही तर पुढच्या सालापर्यंत. आमच्या भागात पहिला पाऊस भुलवतो, कोंब वर येतात आणि मग तीन-तीन आठवडे आभाळ कोरडं. शेतकऱ्याला दुबार पेरणीसाठी पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते. तरोट्यानं दुबार पेरणीचं बियाणं आधीच मातीत राखून ठेवलेलं असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच पावसाळ्यात आमच्या बांधावर तरोटा गुडघ्याला लागत होता.

थंडीत या वाळवणावर पाखरं येतात. भारीटांचे थवे ज्वारीत उतरतात, मुनिया तणाच्या बियांवर भागवतात. बांध पेटवून दिला किंवा तणनाशक मारलं की हे सगळं एका दिवसात जातं. धुरा म्हणजे बांध स्वच्छ दिसला पाहिजे, हा हट्ट मला कधी समजलेला नाही. गाजरगवत जाळा, मी काडी देते; ते हिरवं असताना अंगाला खाज आणतं आणि वाळल्यावरही त्याला रूप नाही. पण त्याच्या पापात कुर्डूला कशाला ओढायचं?

संभाजीनगरात सजावटीच्या दुकानात असेच वाळके तुरे निळे-जांभळे रंगवून विकतात. मला तो रंग बघवत नाही. मी कुर्डू थोडा गुलाबी असतानाच कापते आणि सावलीत उलटा टांगते. दीपमाळ पूर्ण वाळल्यावरच आणते. शेंगा असतील तर आधी चांगलं ऊन दाखवायचं, नाहीतर त्यातले किडे घरभर होतात. मग सगळं पितळेच्या जुन्या तांब्यात खोचायचं. पाणी घालायचं नाही की बदलायचं नाही.

यंदा मामी आल्या होत्या. तांब्याकडं बराच वेळ पाहून म्हणाल्या, “बया, खुरपून खुरपून कंबर गेली आमची, आणि तू हे तण दिवाणखान्यात मांडलीस गं?” मी हसले. जाताना मात्र त्यांनी कुर्डूचे दोन तुरे मागून घेतले. परसात बी टाकायचं म्हणाल्या. कोवळ्या पानांची भाजी मामांना आवडते.