फासा, तीन घरे आणि एक तास

वर्गात खेळ घ्यायला मी सुरुवात केली, तेव्हा माझी समजूत अगदी सरळ होती: मुले कंटाळली की खेळ घ्यायचा आणि खेळ संपला की पुन्हा धड्याकडे वळायचे. उजळणीसाठी मी दोन गटांत प्रश्नमंजूषा घेत असे आणि जो चुकेल तो बाद होई. वर्ग दणाणून जाई, त्यामुळे तास रंगला असेच मला वाटे. पुढे एकदा मागच्या बाकावर बसून मी तोच खेळ पाहिला, तेव्हा लक्षात आले की उत्तरे नेहमीची चार-पाच मुलेच देत होती आणि ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज होती, ती पहिल्या काही मिनिटांतच बाद होऊन उरलेला वेळ इतरांसाठी टाळ्या वाजवत बसली होती. ही चूक सर्वस्वी माझी होती. बाद करण्याचा नियम मी त्या दिवशी काढून टाकला, तो कायमचाच.

तेव्हापासून कोणताही खेळ निवडताना मी एकच गोष्ट पाहते: खेळताना मूल जे करते, तेच त्याने शिकायचे आहे का? गुणाकार बरोबर आला की चेंडू टोपलीत टाकायचा, अशा खेळात मूल रमते ते चेंडूत. गुणाकार ही त्यासाठी भरावी लागणारी जकात ठरते. गीता रमणी आणि रॉबर्ट सिगलर या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतील अल्प उत्पन्न कुटुंबांतल्या, अजून शाळेत न गेलेल्या मुलांच्या एका गटाला त्यांनी 1 ते 10 हे अंक एका ओळीत लिहिलेला पट दिला आणि दुसऱ्या गटाला तसाच, पण अंकांऐवजी रंगांचा पट दिला. दोन आठवड्यांत पंधरा ते वीस मिनिटांच्या चारच बैठका झाल्या. अंकांच्या पटावर खेळलेल्या मुलांची संख्यांची जाण वाढली आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकून होती. रंगांच्या पटावर खेळलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. सोंगटी सरकवण्याची मौज दोघांनाही सारखीच मिळाली होती, मात्र संख्या हाताळायला मिळाल्या त्या एकाच गटाला.

स्थानिक किमतीसाठी मी घेते तो खेळ असाच साधा आहे. प्रत्येकाने वहीत शतक, दशक आणि एकक अशी तीन घरे आखायची. मी तीन वेळा फासा टाकते आणि पडलेले दान पुढचा फासा पडण्याआधीच कोणत्यातरी घरात लिहावे लागते; एकदा लिहिलेला अंक हलवता येत नाही. संख्या जितकी मोठी होईल तितकी चांगली. सगळी मुले एकाच दानावर खेळतात, त्यामुळे कोणीही रिकामे बसत नाही. बक्षीस मी ठेवत नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांच्या 1973 च्या प्रयोगात आधीच प्रमाणपत्राचे आमिष दाखवलेली, चित्रांची मुळात आवड असलेली लहान मुले पुढे मोकळ्या वेळेत इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढताना आढळली होती. जी गोडी मुळातच आहे, तिची किंमत लावून ती घालवण्याचे कारण मला दिसत नाही.

एका डावात पहिले दान चार पडले. एक मुलगी पेन्सिल शतकाच्या घरावर धरून बराच वेळ थांबली आणि शेवटी तिने तो चार दशकात लिहिला. तिचा विचार योग्यच होता, कारण पुढच्या दोन दानांत एकदा तरी पाच किंवा सहा पडण्याची शक्यता 36 पैकी 20 असते. पण पुढे पडले दोन आणि तीन. तिची संख्या 342 झाली आणि चार शतकात लिहिणाऱ्या तिच्या शेजारणीची 432. ती हिरमुसून म्हणाली, "बाई, तिचा चार चारशेचा झाला, माझा चाळीसचाच राहिला." स्थानिक किमतीचा अख्खा पाठ तिच्या त्या एका वाक्यात होता आणि तो मी सांगितलेला नव्हता.

खेळ इथे थांबवून बोलणे मला डावाइतकेच आवश्यक वाटते, म्हणून निम्मा तास मी त्यासाठी राखून ठेवते. दोघींच्या संख्यांत नेमका 90 चाच फरक का, असे मी विचारले. मुलांनी 532 आणि 352 घेऊन पाहिले, तर फरक 180 आला. मग कोणाच्यातरी लक्षात आले की शतक आणि दशक यांच्या घरांतले अंक आपसांत बदलले, तर संख्येत त्या दोन अंकांतल्या फरकाच्या नव्वदपट फरक पडतो, आणि फळ्याजवळ तपासून पाहणाऱ्यांची गर्दी झाली. तास संपल्याची घंटा झाली, तरी हरलेली ती मुलगी जागेवरून उठली नव्हती. शतक आणि एकक यांची अदलाबदल करून ती वहीत 342 मधून 243 वजा करत होती.