दुखणं गुडघ्यात, मूळ खुब्यात

आमच्या डिचोलीच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये गुडघेदुखीचा पेशंट सहसा निदान सोबत घेऊनच येतो. ‘गादी झिजली’, ‘वंगण संपलं’, ‘आता वय झालं’. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं आणि पुढे त्याची शहानिशा कुणी करत नाही. त्यातून पेशंट पन्नाशीची बाई असेल तर विचारूच नका. तिला टेबलावर झोपवून पाय हलवून बघावा, एवढीही तसदी घेतली जात नाही. याचा मला मनापासून राग येतो.

सत्तरी तालुक्यातल्या एका मावशी पावसाळ्यात, चवथीच्या तोंडावर माझ्याकडे आल्या. शाळांच्या माध्यान्ह आहारासाठी भाजी-पाव पुरवणाऱ्या महिला गटात त्या स्वयंपाक करायच्या. वाळपईहून बसने आल्या, सोबत जाऊबाई. हातातल्या पिशवीत एक्स-रे, गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि वापरून सैल झालेला नी-कॅप. उजवा गुडघा वर्षानुवर्षं दुखत होता. वेदनाशामक गोळ्या इतक्या पोटात गेल्या होत्या की जेवणाआधी पित्ताची गोळी घ्यावी लागायची. गुडघ्यात इंजेक्शनं झाली होती. एका ठिकाणी तर सांधा बदलायचा सल्ला मिळाला होता, आणि घरात पैशांची जुळवाजुळव सुरू होती.

एक्स-रे सगळे गुडघ्याचेच. त्यांत झीज होती, पण थोडी. तेवढी त्या वयाच्या पुष्कळ माणसांच्या गुडघ्यात दिसते आणि त्यांतल्या कित्येकांचं काहीच दुखत नसतं. या बाईंना मात्र रात्रीची झोप नव्हती. फोटो आणि त्रास यांचा मेळ बसेना.

मी त्यांना दारापर्यंत चालून परत यायला सांगितलं. उजवा पाय टेकला की सगळं अंग उजवीकडे कलायचं. मग विचारलं, “मावशी, कुठलं काम अगदी जमत नाही?” मला वाटलं जिना म्हणतील. त्या जाऊबाईंकडे बघून संकोचल्या. “बाय, पायाची नखं कापता येत नाहीत. ही कापून देते. पाय असा वर घेताच येत नाही.”

नुसता गुडघा झिजलेल्या माणसाला पाऊल दुसऱ्या मांडीवर ठेवणं सहसा इतकं अशक्य होत नाही. त्यासाठी खुबा बाहेरच्या बाजूला फिरावा लागतो.

टेबलावर उताणं झोपवलं. गुडघ्याला सूज नाही, हात लावून गरम लागत नाही, सांध्याच्या रेषेवर दाबलं तर त्या शांत. गुडघा पूर्ण वाकला, पूर्ण सरळ झाला. मग मांडी नव्वद अंशांत उभी केली, गुडघा एका हातात धरला, घोटा दुसऱ्या हातात, आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेलं, म्हणजे आत खुबा आतल्या अंगाला फिरतो. डावीकडे पाय सहज गेला. उजवीकडे जेमतेम हलला आणि अडला. मावशींनी टेबलाची कड घट्ट धरली. “हीच! हीच ती गुडघ्यातली कळ!”

गुडघ्याला मी नुसता आधार दिला होता, फिरत होता तो खुबा. मी दुसऱ्यांदा तसं केलं नाही. एकदा कळल्यावर माणसाला पुन्हा कशाला दुखवायचं?

जाऊबाईंना हे पटेना, आणि त्यांचं चुकत नव्हतं. त्यांना समजावलं की जांघेतून जाणाऱ्या ऑब्ट्युरेटर नावाच्या नसेच्या फांद्या खुब्यालाही जातात आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूलाही. खुब्यातली वेदना त्यामुळे मेंदूला गुडघ्यात वाटू शकते. कधीकधी जांघेत काहीच जाणवत नाही, सगळी कळ गुडघ्यातच.

निदानावर शिक्कामोर्तब करणं डॉक्टरांचं काम. मी चिठ्ठी लिहिली: गुडघ्याची हालचाल पूर्ण, उजव्या खुब्याचं आत फिरणं जवळपास बंद, दोन्ही खुबे दिसतील असा पेल्व्हिसचा एक्स-रे पाहावा. तो एक्स-रे निघाला तेव्हा उजव्या मांडीच्या हाडाचा माथा, जो चेंडूसारखा गोल असायला हवा, वरून चपटा झालेला होता. त्या भागाचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मेलं होतं. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. दारू, मार लागणं आणि स्टिरॉइडच्या गोळ्या ही त्याची नेहमीची कारणं. मावशींनी दम्यासाठी पूर्वी अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्या होत्या. ती चिठ्ठीही त्याच पिशवीत होती.

पुढे बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात एमआरआय झाला. त्यात डाव्या खुब्यातही सुरुवात दिसली. साध्या एक्स-रेत इतक्या लवकर ते दिसत नाही. उजवा खुबा बदलावा लागला. शस्त्रक्रिया दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर झाली. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांचं संरक्षण मिळतं. कार्ड घरात होतंच. पैशांच्या काळजीत ते बाहेर काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आता गुडघा दुखत नाही. त्या गुडघ्याला कुणी हातही लावला नाही, हे त्यांना अजून नवल वाटतं. जमिनीवर मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, म्हणून घरात उंच कमोड बसवला. चवथीची फुगडी मात्र नाही म्हणून सांगावं लागलं, आणि ते सांगताना मला जड गेलं. डाव्या खुब्याची तपासणी ठरलेल्या वेळी बांबोळीला होते.

जाऊबाई नंतर स्वतःचे गुडघे घेऊन आल्या. त्यांनाही टेबलावर घेतलं, आधी खुबे, मग गुडघे. खुबे उत्तम फिरत होते, त्रास खरोखर गुडघ्यांचाच होता. उभं राहून काढलेला एक्स-रे मागवला. वजन थोडं कमी करायचं आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम रोज करायचा, असं ठरलं. गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवून ती खाली दाबायची, सावकाश पाच मोजायचे, सोडायचं. मावशी शेजारच्या खुर्चीवर बसून मोठ्याने आकडे मोजतात आणि जाऊबाईंनी घाई केली की पुन्हा एकपासून सुरू करायला लावतात.