कावळा बसायला

परवा दुपारी साडेतीनच्या सुमारास मी एक म्हण डोळ्यांनी पाहिली. चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी होते. समोरच्या शेवग्यावर कावळा आला, फांदीच्या पार टोकाला बसला, मान वाकडी करून खाली काहीतरी न्याहाळलं, आणि फांदी कडाकन मोडली. कावळा उडाला. फांदी शेंगांसकट खालच्या स्कूटरवर.

पन्नाशी उलटली माझी. ही म्हण हजारदा वापरली असेल, पण पाहण्याचा योग पहिलाच. आणि पाहिल्यावर पंचाईत अशी झाली, की कावळ्यामुळेच मोडली की काय? शेवग्याचं लाकूड ते, मुळातच ठिसूळ. त्यात शेंगांचं ओझं, आदल्या रात्रीचा वारा. कावळ्याचं वजन असून असून किती, पाव किलोच्या आसपास. पण शेवटचा पाव किलो त्याचाच ना? इतकी वर्षं म्हणीने त्याला निर्दोष सोडलं होतं. मला प्रथमच शंका आली.

खाली तोवर सभा भरली होती. स्कूटरवाले काका म्हणत होते, "दोन वर्षं सांगतोय, फांदी छाटा!" सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही मेंटेनन्स वेळेवर भरता का, ते आधी सांगा." पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतूनच भाग घेतला. "आज फांदी छाटाल, उद्या झाड पाडाल, परवा तिथे पार्किंग कराल!" काका उसळले, "म्हणजे माणसाचं डोकं फुटलं तरी चालेल, असंच ना?" काकू असं काही म्हणाल्या नव्हत्या. मग तिसऱ्या मजल्यावरचे, ज्यांचा मुलगा अमेरिकेत असतो, ते म्हणाले की तिकडे असं होत नाही. यावर सगळेच क्षणभर गप्प झाले.

मी वरून मनातल्या मनात एकेकाला चिठ्ठी डकवत होते. जुनी खोड आहे. समोरचा न बोललेलंच खोडून काढण्याला माझी भाची स्ट्रॉमॅन म्हणते, मुद्दा सोडून माणसावर घसरण्याला ॲड होमिनेम, असं काय काय. माझ्याकडची नावं आजोबांची.

आजोबा वाईला शाळेत संस्कृत शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांना वर्ग उरला नाही, म्हणून त्यांनी घरालाच वर्ग केलं. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हे तर्कशास्त्राचं एवढंसं पुस्तक, पण ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चष्म्याच्या घराशेजारी असायचं. कुणी काही बोललं की आजोबांचं बोट वर. "सव्यभिचार!" म्हणजे दिलेलं कारण भलतीकडेही लागू पडतंय. "आश्रयासिद्ध!" म्हणजे ज्याबद्दल बोलताय ते मुळात नाहीच. आकाशातलं कमळ सुगंधी आहे, का, तर ते कमळ आहे म्हणून. मला ते आकाशातलं कमळ फार आवडायचं. त्याला वास नसेल हे पटायचंच नाही.

एकदा आई म्हणाली, "दूध ऊतू जातंय का बघ." मी बघितलं. सगळं दूध ओट्यावरून खाली येईपर्यंत बघितलं. "बघ म्हणालीस, गॅस बंद कर कुठे म्हणालीस?" आजोबा झोपाळ्यावरून उठूनच आले. चेहऱ्यावर असा आनंद, की नातीला पहिला दात आला असावा. "वाक्छल! अगदी शास्त्रातला!" मग ओट्यावर दूध तसंच असताना त्यांनी देवदत्ताची गोष्ट सांगितली. एक जण म्हणतो, हा देवदत्त 'नवकंबल' आहे, म्हणजे नवी कांबळी पांघरलेला. दुसरा म्हणतो, छे, नऊ कुठायत, एकच तर दिसतेय! न्यायसूत्रांत, म्हणजे या शास्त्राच्या मूळ ग्रंथात, छल (समोरच्याचे शब्द फिरवणं) तीन प्रकारचे सांगितलेत, जाती (पोकळ आक्षेप) २४ आणि निग्रहस्थानं २२. निग्रहस्थान म्हणजे जिथे वादात माणूस हरतो ती जागा. तेविसावं माझ्या पाठीवर होतं, आईने ते अचूक गाठलं.

आजीपुढे मात्र आजोबांचं शास्त्र चालत नसे. एका पावसाळ्यात बंबातून धूर येऊन घर भरलं होतं. आजोबा मला शिकवत होते, जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. मी विचारलं, मग जिथे अग्नी तिथे धूर? आजोबा उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात आजी डोळे पुसत म्हणाली, "निखाऱ्याला असतो का गं धूर? लाकूड ओलं असलं तर येतो." आजोबा थांबले. विस्तवावरून धूर सिद्ध होत नाही, मध्ये ओल्या सरपणाची अट असते. तर्कशास्त्रात हिला उपाधी म्हणतात, आणि पोथीतलं उदाहरणही नेमकं हेच आहे. "अगं, तुला हे कुणी सांगितलं?" आजी म्हणाली, "वखारवाल्याला सांगा, पैसे सुक्या लाकडाचे घेतो म्हणावं."

तेव्हापासून मला संशय आहे की नावं ठाऊक असणं आणि मुद्दा कळणं यांचा बादरायण संबंधच असावा. आमच्या घरातलं कुठलंही भांडण मी हेत्वाभास, म्हणजे कारणातली खोट, दाखवून जिंकलेलं नाही. उलट नवरा म्हणतो, "तू ऐकत नाहीस, तपासतेस." खोटं नाही ते. रात्री टीव्हीवरच्या चर्चा मी याच कामासाठी लावते. खरं शोधणारा वाद कुणाचा, नुसता जिंकण्यासाठीचा जल्प कुणाचा, आपलं काहीच न मांडता खोडत सुटणारी वितंडा कोण घालतंय, हे तासभर मोजते, आणि विषय काय होता म्हणून विचारलंत तर सांगता येणार नाही. परवाही तेच. काकांचं प्रत्येक वाक्य वाकडं होतं, आणि मी ते मोजत असताना त्यांच्या स्कूटरचा आरसा खरोखर फुटलेला होता.

पण मी कावळ्याचं सांगत होते. संस्कृतातला कावळा ताडावर बसतो आणि फळ पडतं, तो काकतालीय न्याय. मराठीत येईपर्यंत फळाची फांदी झाली. आपल्याकडचे कावळे वजनदार असावेत. आजोबांचा हा सगळ्यांत लाडका न्याय. नव्या पेनाने पेपर चांगला गेला, मांजर आडवं गेलं नि एसटी चुकली, सगळ्यावर एकच उत्तर.

आजोबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. दहाव्याला हट्ट करून घाटावर गेले. पिंड ठेवला. कृष्णेच्या काठाला कावळ्यांना तोटा नाही, पण एकही खाली येईना. पाऊण तास. बाबा म्हणाले, "पुस्तकं रद्दीत घालणार नाही." काका म्हणाले, "आईला काही कमी पडू देणार नाही." गुरुजी उन्हात अवघडून उभे. कावळे पिंपळावर, आमच्याकडे बघत. बघत म्हणजे फक्त बघत.

मला अचानक काय वाटलं कोण जाणे. मी ओठांतल्या ओठांत म्हटलं, आजोबा, त्या दिवशी दूध मी मुद्दामच ऊतू जाऊ दिलं होतं. तुम्ही खूश व्हाल म्हणून.

कावळा उतरला आणि शिवला.

सगळे म्हणाले, पुस्तकांत जीव अडकला होता. अजून तसंच म्हणतात. मी कधी काही बोलले नाही. दोन्ही काकतालीयच, दुसरं काय असणार.

संध्याकाळी खाली उतरले तर वॉचमन फांदी फरफटत गेटकडे नेत होता. भांडण मिटलेलं नव्हतं, रविवारच्या मीटिंगवर गेलं होतं. शेंगा मात्र तोवर कुणीतरी काढून नेल्या होत्या.