वाचणारा आणि बघणारी

परदेशी सहलीचे सुरुवातीचे दिवस शहर बघण्यात कमी आणि एकमेकांचा वेग जुळवण्यात जास्त जातात. एरवी हे लक्षात येत नाही, कारण दोघांनी एकाच भिंतीकडे टक लावून उभं राहायचा प्रसंग संसारात सहसा येत नाही. रोममध्ये तो दर अर्ध्या तासाने येतो.

आमच्यात नवरा वाचणारा. पाटी दिसली की ती पूर्ण वाचल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नाही. मी बघणारी. मान वर करून मनसोक्त बघायचं, मन भरलं की निघायचं. त्यामुळे मी कायम दहा पावलं पुढे आणि मागून हाक, "अगं, थांब की जरा!"

जेट लॅगमुळे दोघांनाही पहाटे टक्क जाग यायची, हे मात्र बरं होतं. उजाडता उजाडता ट्रेवी कारंज्यापाशी पोचलं की दिवसभराच्या गर्दीतलं जवळजवळ कोणी नसतं. पाण्याचा आवाज आधी ऐकू येतो, मग कोपरा वळल्यावर ते प्रचंड दगडी प्रकरण एकदम अंगावर येतं. चौक एवढासा आणि कारंजं केवढं! मी घोड्यांच्या मानांवरून नजर फिरवत होते, तोवर इकडे माहिती सुरू झाली. ज्याने हे रचलं तो निकोला साल्वी १७५१ साली वारला, कारंजं पुरं झालं १७६२ साली. आणि या कारंज्याला जिचं पाणी येतं, ती पाटाची वाट मूळची इसवी सनपूर्व १९ मधली, अग्रिप्पा नावाच्या रोमन सेनापतीने बांधलेली. लोक टाकतात ती नाणी गोळा करून धर्मादाय कामाला देतात, हेही त्यानेच सांगितलं. मी नाणं टाकून मोकळी झाले होते.

हाच अग्रिप्पा पुढे पँथिऑन या प्राचीन देवळाच्या कपाळावर भेटला. तिथे दगडात ठळक कोरलंय की हे अग्रिप्पाने बांधलं. नवरा खूश, जुनी ओळख निघाल्यासारखा. पण गंमत अशी, की आताची इमारत अग्रिप्पाची नाहीच. अग्रिप्पाचं देऊळ केव्हाच जळून गेलं. आताची इमारत हेड्रियन बादशहाच्या काळात पुरी झाली आणि त्याने नाव मात्र जुन्याचंच ठेवलं. वाचणाऱ्यांचीही अशी फिरकी घेतली जाते, याचा मला जरा जास्तच आनंद झाला.

आत गेल्यावर मात्र आमची पाळी उलटली. ४३ मीटरहून रुंद घुमट, सळईचा तुकडाही नसलेलं काँक्रीट, आणि बरोबर मधोमध सुमारे ९ मीटरचं उघडं भोक. काच नाही, जाळी नाही. त्यातून उन्हाची मोठी चकती आत येऊन भिंतीवर बसलेली. पाऊस आला तर? म्हणून खाली बघितलं, तर मधल्या फरशीत बारीक भोकं होती आणि फरशीला अगदी हलका उतार, पाणी वाहून जावं म्हणून. नवरा चित्रकार राफाएलच्या कबरीवरचा लॅटिन मजकूर उलगडून आला, सदतिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाबद्दल हळहळून झाला, तरी मी तिथेच. चकती एका कोनाड्याच्या कडेला होती, ती त्याच्या मधोमध येईपर्यंत मला हलायचं नव्हतं. "अजून किती?" हे त्या दिवशी त्याने विचारलं.

रस्त्यात लोखंडी खांबासारखे नळ आहेत, दिवसरात्र वाहणारे. तोंड बोटाने दाबलं की वरच्या छिद्रातून थंडगार पाण्याची धार उडते आणि वाकून पिता येतं. ही युक्ती मी एका आजोबांना बघून उचलली. नवऱ्याने सूचना शोधल्या, मग तोही प्यायला, शर्टासकट.

संध्याकाळी स्पॅनिश पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत पायांचे तुकडे पडले होते. एकशे पस्तीस पायऱ्या, आणि एकीवरही टेकायचं नाही! २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे. आमच्या पुढ्यातच एक जोडपं हुश्श करून बसलं, तोच शिट्टी वाजली आणि पोलिसाने हाताने 'उठा' केलं. ते बिचारे उठले. नवरा उभ्या उभ्या इकडेतिकडे बघत राहिला.

"अगं, पण पाटी कुठंय?"