आजोळचे बूट

मॅसॅच्युसेट्समधलं संक्रांतीचं हळदीकुंकू बघायचं असेल तर हॉलमध्ये जाऊ नये, दारातच उभं राहावं. बाहेर फूटभर बर्फ. एकेक सुवासिनी येते ती पैठणी एका हाताने पोटरीपर्यंत उचलून, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन. पिशवीत घरात घालायच्या चपला, आणि पायात गमबुटांच्या जातीतलं काहीतरी अवजड. नथ सांभाळत, भिंतीला टेकत ते बूट काढायचे, मोजे झटकायचे आणि मग "या या, किती उशीर!" तासाभरात दारात बुटांचा ढीग होतो आणि त्यातले निम्मे हुबेहूब एकसारखे असतात. खाली तपकिरी रबर, वर चामडं, आणि बघेल तेव्हा सुटलेली चामड्याची नाडी. हे एल. एल. बीन कंपनीचे बीन बूट. तिळगूळ घेऊन निघताना "अगं, हा सात नंबरचा डावा कुणाचा?" हा आवाज आलाच पाहिजे. एकदा एक काकू एक पाय सातचा आणि एक पाय आठचा घालून थेट गाडीपर्यंत गेल्या होत्या. "थंडीने पाय आखडलाय म्हटलं," असं त्यांचं म्हणणं.

दिसायला हा बूट अजिबात देखणा नाही. दोन वेगळ्या बुटांचे अर्धे अर्धे भाग शिवून एक केल्यासारखा दिसतो, आणि तो तसाच झालेला आहे. मेन राज्यातल्या फ्रीपोर्ट गावचे लिऑन लिऑनवुड बीन १९११ साली शिकारीहून ओले पाय घेऊन परतले. अख्खं चामडं भिजतं, अख्खं रबर पायाला जड होतं. म्हणून त्यांनी गावातल्या चांभाराकडून कामगारांच्या रबरी बुटांवर चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला. १९१२ मध्ये, मेनमध्ये शिकारीचा परवाना काढणाऱ्या परराज्यातल्या लोकांची यादी मिळवून त्यांना पत्रकं धाडली. १०० जोड विकले गेले आणि त्यातले ९० परत आले. शिवण रबरातून फाटून निघाली होती. बीन यांनी सगळ्यांचे पैसे परत केले, ४०० डॉलर कर्ज काढलं, रबर सुधारून घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली. ही गोष्ट अमेरिकेत इतक्यांदा सांगितली जाते की तिचा पाळणा झाला आहे.

मला मात्र त्या आजोबांपेक्षा त्यांच्या नातवात जास्त रस आहे. दुकान काढणाऱ्याच्या गोष्टी सगळे सांगतात. आयतं मिळालेलं दुकान बुडू न देणाऱ्याची गोष्ट सांगायला कुणी बसत नाही. शिवाय आपल्याकडे तिसऱ्या पिढीविषयी फारसं बरं बोलायची पद्धत नाही. पहिल्याने मिळवायचं, दुसऱ्याने राखायचं आणि तिसऱ्याने गाडी घेऊन महाबळेश्वरला जायचं, असा आपला हिशोब.

लिऑन गॉर्मन हा बीन यांच्या मुलीचा मुलगा. म्हणजे बुटांचं ते दुकान त्याचं आजोळ. जन्म १९३४ चा. १९५६ मध्ये बोडन कॉलेजातून पदवी घेतली, बॉस्टनच्या फायलीन्स या मोठ्या दुकानात थोडे दिवस काम केलं आणि मग नौदलात अधिकारी झाला. चारेक वर्षं विनाशिकांवर काढून १९६० च्या आगेमागे फ्रीपोर्टला परतला. आजोबांनी त्याला आठवड्याला ८० डॉलरवर कामाला ठेवलं. आजोळ असलं म्हणून लाड नाहीत.

नौदलातून आलेल्या माणसाला घरात ठेवून घेणं सोपं नसतं, हे मी अनुभवाने सांगते. आमच्या नात्यात एक काका आहेत. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर शिकले, पुढे मुंबईत नोकरी, आणि चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन पुण्याला एका कंपनीत लागले. त्यांच्या घरी गेलं की चपला काढायचीसुद्धा धास्ती वाटते. सगळ्या चपलांची तोंडं दाराकडे, टाचा एका रेषेत, आणि पॉलिशची डबी, ब्रश, फडकं ठरलेल्या जागी. जहाजावर जागा कमी असते, रात्री अंधारात उठून कामावर जायचं असतं, म्हणून प्रत्येक वस्तू हात घातल्याबरोबर सापडली पाहिजे, असं ते समजावून सांगतात. काकू म्हणतात, "इथे कुठे बुडतंय जहाज?" पहिल्या वर्षी कंपनीतल्या स्टोअरमधला गोंधळ बघून काकांना झोप लागत नसे.

फ्रीपोर्टला जे होतं ते बघून लिऑनला कशी लागली असेल कोण जाणे. आजोबा सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचे. हिवाळाभर फ्लॉरिडात. कॅटलॉगमधला शब्द न् शब्द त्यांनी स्वतः लिहिलेला. खाली गावाचं पोस्ट ऑफिस, वर कारखाना आणि दुकान, गिऱ्हाईक जिना चढून वर येणार. ही सोय मुळात घरगुती होती. आजोबांचे भाऊच गावचे पोस्टमास्तर होते आणि पार्सलं वरून घसरगुंडीने थेट खाली टपालात पडत. बरोबरची माणसंही बहुतेक आजोबांबरोबरच म्हातारी झालेली. पत्ते हाताने टाइप करायचे. कुठला माल किती उरलाय ते कुणाच्या तरी डोक्यात. कुणी म्हटलं की धंदा वाढवा, तर आजोबांचं उत्तर ठरलेलं: मी दिवसाला तीन वेळा पोटभर जेवतो, चौथं जेवण जाणार नाही.

उत्तर बिनतोड आहे. मला तर ते मनापासून पटतं. पण पंचविशीच्या तरुणाने, ज्याने विनाशिकेवर माणसं आणि यंत्रं सांभाळली आहेत, त्याने यावर काय करावं? भांडून निघून जावं किंवा मान डोलावून बसावं, हे दोन रस्ते आपल्या ओळखीचे. लिऑनने वही केली. जे जे खटकेल ते लिहून ठेवायचं. कॅटलॉग कुठे उशिरा जातो, कुठला माल संपूनही छापला जातो, कोणत्या पत्राला उत्तर गेलं नाही. अशा शेकडो नोंदी झाल्या. जे आजोबांना न विचारता करता येईल ते करून टाकायचं, बाकीचं वहीत. सहा-सात वर्षं असं चाललं. हे मला त्याच्या नौदलातल्या वर्षांचं खरं फळ वाटतं. कप्तान दुसरा असताना आपलं काम चोख करायचं आणि पाळी येईतो गप्प बसायचं, हे कॉलेजात शिकवत नाहीत. घरात तर नाहीच नाही.

फेब्रुवारी १९६७ मध्ये आजोबा गेले, ९४ व्या वर्षी. त्याच वर्षी मामाही गेला. आजोळ नातवाच्या हातात आलं तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. आता साहेब झाले, तेव्हा इथून पुढे आपणही त्यांना अहोजाहो करू.

आकडे सांगायचे तर गॉर्मन यांनी सूत्रं घेतली तेव्हा वर्षाची विक्री साडेसत्तेचाळीस लाख डॉलरच्या घरात होती. २००१ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं तेव्हा ती १०० कोटींच्या वर गेली होती. पत्त्यांच्या याद्या कॉम्प्युटरवर गेल्या, गोदामं झाली, फोनवर ऑर्डरी घेणं सुरू झालं, कपडे-तंबू-होड्या सगळं आलं. १९८० च्या सुमारास कॉलेजच्या श्रीमंत पोरांमध्ये या बुटांची फॅशन आली. शिकारीचा बूट चिखल न बघताच लेक्चरला बसू लागला. बाहेरगावचे शहाणे येऊन सांगत असणार, आता रंग काढा, टाच उंच करा. पण बूट राहिला तसाच. रबरी तळ आजही मेनमध्येच, लुइस्टनला साच्यातून निघतो, वरचं चामडं ब्रन्सविकला शिवलं जातं, आणि तळाला तीच साखळीसारखी नक्षी असते. ती बर्फाच्या पातळ थरावर किती टिकते याबद्दल माझं मत वेगळं आहे, पण चिखलात आणि ओल्या बर्फात तिला तोड नाही.

आणि तळ बदलून मिळतो. या एका गोष्टीसाठी मी त्या कंपनीचं बाकीचं बरंच माफ करते.

सांगलीला एसटी स्टँडच्या बाहेर काळी छत्री बांधून तात्या बसायचे. मृगाचा पाऊस पडायच्या आधी घरातल्या सगळ्या चपला पिशवीत घालून त्यांच्याकडे न्यायच्या. कुणाचा अंगठा तुटलेला, कुणाची टाच एका बाजूने झिजलेली. तात्या चप्पल हातात घेऊन उलटी करायचे आणि माणसाकडे न बघता सांगायचे, "ही आप्पांची. उजवा पाय घासटत टाकत्यात." तीन पायांच्या ऐरणीवर चप्पल चढवायची, रापीने जुना सोल खरवडून काढायचा, आरीने भोक पाडून मेणातला दोरा ओढायचा. ओढताना दोऱ्याचा सूं सूं असा आवाज यायचा. नवीन घेण्यापेक्षा हे स्वस्त पडायचं हे खरंच, पण वरचा भाग आपल्या पायाच्या आकाराचा झालेला असतो, तो कशाला टाकायचा, असा तात्यांचा साधा सवाल होता.

बीन बुटांचं तसंच आहे. रबर फाटलं की बूट खोक्यात घालून मेनला पाठवायचे. तिथे शिवण उसवून जुना तळ काढतात आणि नवीन तळ शिवून तुमचंच चामडं परत पाठवतात. काही आठवड्यांनी खोकं येतं तेव्हा खाली नवाकोरा चकचकीत तळ, आणि वर आपल्याच करंगळीजवळची घडी, आपणच पाडलेला मेणाचा डाग. गॉर्मन यांनी आजोळच्या दुकानाचं हेच केलं. वरचं चामडं आजोबांचं ठेवलं आणि तळ तेवढा नवा शिवला.

भारतातून कुणी आलं की आम्ही त्यांना फ्रीपोर्टला नेतो. दुकानासमोर भलामोठा बूट उभा आहे, मापाने ४१० नंबरचा. त्याच्यासमोर फोटो काढल्याशिवाय सासूबाई गाडीत बसत नाहीत. हे दुकान १९५१ पासून रात्रंदिवस उघडं असतं. पहाटे जंगलात जाणारे शिकारी मध्यरात्री येऊन मालकांना उठवायचे, त्यापेक्षा दार उघडंच ठेवलेलं बरं, असा त्यामागचा विचार. "मग दुकान बंद कधी करतात?" हा सासूबाईंचा दुसरा प्रश्न. क्वचितच. जसं केनेडींची हत्या झाली तेव्हा, आजोबा गेले तेव्हा, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये गॉर्मन गेले तेव्हा, त्यांच्या अंत्यविधीसाठी थोडा वेळ. "म्हणजे सुतक पाळतात," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचं त्या दुकानाबद्दलचं मत एकदम चांगलं झालं.

गॉर्मन यांच्याबद्दलची आणखी एक गोष्ट मला आवडते, जी कॅटलॉगात कुठे नाही. मेनमधल्याच पोर्टलंडला प्रेबल स्ट्रीट म्हणून बेघर लोकांसाठी काम करणारी संस्था आहे. तिथे दर बुधवारी सकाळी ते नाश्ता बनवायला जायचे. दहा-बारा वर्षं. एकदा जाऊन फोटो काढून घेणारे शेठ आपल्याही परिचयाचे आहेत. दर बुधवारी अंडी फोडायला जाणं वेगळं. तिथेही त्यांची पाळी ठरलेली होती आणि ते ती चुकवत नसत, हे ऐकून आमच्या नौदलवाल्या काकांनी फक्त "अर्थातच" म्हटलं.

आता वादाचा मुद्दा. ते ९० जोड परत घेतले तेव्हापासून या दुकानाचा शब्द होता: माल आवडला नाही तर कधीही परत आणा. कधीही म्हणजे कधीही, पावतीसुद्धा नको. माणसं बूट पंधरा वर्षं वापरून परत द्यायला लागली. जुन्या बाजारात दोन डॉलरला घेतलेला कोट दुकानात देऊन नवीन घेऊन जायला लागली. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केलं, आता एका वर्षाची मुदत आणि खरेदीचा पुरावा हवा. असल्या परतीत पाच वर्षांत २५ कोटी डॉलर गेल्याचं त्यांनी सांगितलं. आमच्या मराठी गोतावळ्यात यावर जेवढी चर्चा झाली तेवढी अध्यक्षीय निवडणुकीवर झाली नसेल. "म्हातारा असता तर असं होऊ दिलं नसतं," असं म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज ज्या गृहस्थांचा होता, त्यांनी मुलाचं शाळेचं दप्तर तीनदा बदलून घेतलं होतं. पहिली दोन तिसरीत, एक सातवीत.

मला विचाराल तर दुकानदाराने बरोबर केलं. म्हाताऱ्यांनी पैसे परत केले ते आपली शिवण फाटली म्हणून. आपली हाव शिवून द्यायचं त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं. तळ बदलायला पूर्वीही पैसे पडायचे, आताही पडतात, आणि यंदा थंडी संपली की माझे बूट पुन्हा मेनला जाणार आहेत. ते पैसे द्यायला माझी ना नाही. नवऱ्याची आहे. त्याच्या मते एवढ्यात लक्ष्मी रोडला चार जोड येतात. येत असतील. लक्ष्मी रोडला एवढा बर्फ पडला की बघू.