नातीचा कुत्रा आणि नागपूरचा उन्हाळा

रविवार

दुसरीची परीक्षा संपली की कुत्र्याचा विषय काढायचा, असे नातीला दिवाळीत सांगून ठेवले होते, आणि परीक्षा शुक्रवारी संपली. त्यामुळे आज सकाळच्या चहापासूनच घरात तो विषय सुरू झाला. मुलाने मोबाईलमध्ये पग, शिह त्झू, बीगल, पॉमेरियन अशा पिल्लांची छायाचित्रे जमवून ठेवली आहेत, आणि ती एकामागून एक पाहताना नातीला प्रत्येकच पिल्लू हवेसे वाटते. यात नवल नाही. दीड महिन्याचे पिल्लू छायाचित्रात कोणाला नापसंत पडेल? सुनेची अट एकच आहे, की कुत्रा लहान चणीचा हवा, कारण आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि घरात लहान मूल आहे. अट रास्त आहे, पण ती पुरेशी नाही असे मला दिवसभर वाटत राहिले, म्हणून हे लिहून ठेवत आहे.

लहान कुत्रा म्हणजे शांत कुत्रा, असे आपण उगीचच धरून चालतो. डॅक्सहुंड ही जात जर्मनीत बिळात शिरून बॅजरसारख्या चिवट प्राण्याला भिडण्यासाठी तयार झाली. ती भित्री किंवा मऊ असण्याचे काही कारण नाही, शिवाय तिची लांब पाठ जिने आणि सोफ्यावरच्या उड्या यांमुळे दुखावते. बीगल सशाच्या वासावर कळपाने धावणारा शिकारी कुत्रा आहे आणि त्याचा आवाज मागे राहिलेल्या शिकाऱ्याला दुरून ऐकू यावा असाच घडलेला आहे, हे शेजारच्या बिऱ्हाडांनी आधी समजून घेतलेले बरे. चिवावासारखा तीन किलोंच्या आतला कुत्रा तर मुलाच्या हातून नुसता निसटला तरी त्याचे हाड मोडू शकते, आणि ज्याला सतत उचलले जाण्याची धास्ती असते तो कुत्रा एखाद्या दिवशी दात लावतो. मुलांना चावणारा कुत्रा बहुतेक वेळा रस्त्यावरचा अनोळखी नसून ओळखीचाच असतो, आणि मुलाचा चेहरा त्याच्या तोंडाच्या उंचीवर असल्यामुळे जखमही अनेकदा चेहऱ्यावर होते. आकार लहान असला म्हणून ही भीती संपत नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटणारा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. मुलगा आणि सून नऊच्या सुमारास कामाला निघतात, शाळा सुरू झाली की नातही दुपारपर्यंत घरी नसते, आणि उरतो तो मी. कुत्रा नातीचा म्हणून येणार असला तरी दिवसातले बरेचसे तास तो माझ्या सोबत काढणार आहे. पिल्लाला पहिले काही महिने दर दोन-तीन तासांनी खाली न्यावे लागते, दात येताना ते चपला, पडदे आणि मुलांची बोटे सारखीच चावते, आणि या सगळ्याला जो माणूस घरी असतो त्याचेच गुडघे कामी येतात. लहान चणीचे कुत्रे बारा ते पंधरा वर्षे सहज जगतात. आज पिल्लू आणले तर ते म्हातारे होईल तेव्हा नात विशी ओलांडून बहुधा शिक्षणासाठी पुण्याला किंवा आणखी कुठे गेलेली असेल आणि मी पंच्याऐंशीच्या घरात असेन. हे मी जेवताना सांगितले तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही फार लांबचा हिशेब करता." आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षित आहे?

बुधवार

आज पगचा निकाल लागला, निदान माझ्यापुरता तरी.

२००३ साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे चालणारा पग दिसला आणि तेव्हापासून ही जात आपल्या मध्यमवर्गीय घरांत शिरली. स्वभावाने तो खरोखरच मुलांत रमणारा आहे, हे मान्य केले पाहिजे. अडचण त्याच्या चेहऱ्याची आहे. माणसासारखा कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, म्हणजे जीभ, तोंड आणि नाक यांच्या ओल्या पृष्ठभागावरून हवा खेळवून शरीर थंड ठेवतो. पगचे नाक आत दाबलेले, नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मागचा मऊ भाग घशात लोंबणारा असल्यामुळे ही हवा नीट खेळतच नाही. त्याचे घोरणे आपल्याला गमतीचे वाटते, पण ते अडलेल्या श्वासाचे लक्षण असते. शिह त्झू दिसायला वेगळा असला तरी याच आखूड नाकाच्या कुळातला आहे, आणि त्याच्या अंगावर रोज विंचरावे लागणाऱ्या केसांचा भार अधिकचा आहे.

लंडनच्या किंवा बंगळुरूच्या हवेत हा दोष कदाचित झाकला जात असेल. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक नऊ दिवसांत रात्रीही भिंती तापलेल्या राहतात. मुलाचे म्हणणे असे, की आपल्याकडे कूलर आहे. कूलर हवा थंड करतो तसा तिच्यात ओलावाही भरतो, आणि धापा टाकून थंड होणाऱ्या प्राण्याला ओलसर हवा उपयोगाची नसते. जूनमध्ये ढग दाटले की त्याच कूलरपुढे माणसांचीही चिकचिक होते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एसी आहे तो मुलाच्या खोलीत, आणि वीज गेली की तोही नाही. आमच्या पशुवैद्यांना विचारले तेव्हा त्यांनी जात निवडण्याआधी नाकाची लांबी पाहा, एवढेच सांगितले, आणि मला ते पटले. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे अडीअडचणीला या शहरात उपचाराची सोय आहे, पण मुळात जो प्राणी दर उन्हाळ्यात श्वासासाठी झगडणार आहे तो हौसेने आणावाच कशाला?

संध्याकाळी मुलाने एका विक्रेत्याशी बोलणे केले. पिल्लू पस्तीस दिवसांचे आहे, उद्याच घेऊन जा, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, असे तो सांगत होता. आईला पाहू द्या म्हटल्यावर आई "गावाकडे" असल्याचे कळले. २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि प्रजनन करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. हा नियम केवळ कागदी नाही: त्या आठ आठवड्यांत पिल्लू आई आणि भावंडांकडून किती जोराने चावले म्हणजे समोरच्याला दुखते हे शिकते, आणि ते न शिकलेले पिल्लू सात वर्षांच्या मुलीच्या हाती देण्यात शहाणपण नाही. जातिवंतपणाचा कागद मिळेल, असे विक्रेत्याने दोनदा सांगितले. तो कागद वंशाची नोंद सांगतो. आरोग्य आणि स्वभाव त्यावर लिहिलेले नसतात.

गावठी पिल्लाचा विचार मी मनापासून केला. या हवेला त्याच्याइतका योग्य कुत्रा नाही, आणि आमच्याच गल्लीत दरवर्षी पिल्ले घर शोधत असतात. परंतु ते पंधरा-वीस किलोंचे होते, आणि रस्त्यावरच्या टोळीने भुंकायला सुरुवात केली म्हणजे तेवढा जोर माझ्या मनगटाने आवरणार नाही. मुलगा रोज दोन्ही वेळा फिरवायला तयार असता तर मी याच पर्यायासाठी हट्ट धरला असता.

शनिवार

सुनेच्या कार्यालयातील एका सहकाऱ्यांची बदली परदेशी झाली आहे आणि त्यांची तीन वर्षांची मादी, पांढरी स्पिट्झ, घर शोधत आहे. आज तिला पाहून आलो. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून जो कुत्रा घरोघर वाढला तो बहुतेक वेळा हा इंडियन स्पिट्झच असतो: पाच ते सात किलो वजनाचा, टोकदार तोंडाचा, आणि म्हणून नीट धापा टाकू शकणारा. कितीतरी पिढ्या तो इथल्या हवेत राहिला आहे. त्याचा दोष म्हणजे भुंकणे. दारावरची बेल, भाजीवाला, वरच्या मजल्यावरची पावले, कशालाही उत्तर देणे त्याला आवश्यक वाटते. ते मी चालवून घेईन.

प्रौढ कुत्र्याचा मोठा फायदा आज प्रत्यक्ष दिसला. पिल्लाचा स्वभाव काय होईल याचा अंदाज करावा लागतो, तर तीन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर बसलेला असतो. नातीला आधीच बजावून नेले होते, की धावत जायचे नाही, मिठी मारायची नाही, डोळ्यांत रोखून पाहायचे नाही. खाली बाजूला तोंड करून बसायचे आणि ती आली तर हनुवटीखाली खाजवायचे, डोक्यावरून हात न्यायचा नाही. मुलीने हे आश्चर्यकारक संयमाने केले. कुत्री आली, हुंगून मागे फिरली, आणि थोड्या वेळाने पुन्हा येऊन तिच्या गुडघ्याला टेकली. माझे लक्ष कुत्रीच्या तोंडाकडे होते. झोप नसताना जांभई देणे, ओठ चाटणे, मान वळवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणे, अंग ताठ करणे ही "पुरे" म्हणण्याची तिची भाषा असते, आणि गुरगुरणे त्याच्या नंतर येते. नातीने उत्साहात हसून टाळ्या वाजवल्या तेव्हा कुत्रीने एकदा मान वळवली. मुलीने हात थांबवले आणि तीही सैल झाली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, त्याची तिने दखलही घेतली नाही. फटाक्यांना मात्र घाबरते, असे तिच्या मालकीणबाईंनी प्रामाणिकपणे सांगितले.

नसबंदी झालेली आहे. रेबीजची लस वर्षाला घेतल्याच्या नोंदी पुस्तिकेत आहेत, आणि महापालिकेच्या परवान्यासाठीही तीच पुस्तिका लागेल. जंतनाशकाचे वेळापत्रक मी माझ्या औषधांच्या डब्याशेजारी लावणार आहे, कारण कुत्र्याच्या पोटातले जंत मुलांच्या न धुतलेल्या हातांवाटे घरात फिरतात. पावसाळ्यात गोचीड रोज पाहावी लागेल. गळ्याला पट्ट्याऐवजी छातीला हार्नेस घालायचा, कारण या लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते. उन्हाळा म्हणून केस भादरायचे नाहीत. तेच केस उन्हापासून कातडी वाचवतात, विंचरून आतली सुटलेली लव काढली की पुरते. मेमध्ये फिरणे सकाळी सहाच्या आत आणि रात्री आठनंतरच.

स्वयंपाकघराची शिस्त आम्हा सर्वांना लावून घ्यावी लागेल. आमच्याकडे रविवारी तर्री पोहे होतात आणि नातीच्या बशीतले निम्मे जमिनीवर असतात. कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो, द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंडाला अपाय करतात, चॉकलेटही विषारीच. नातीने आपल्या हाताने पाटीवर लिहून फ्रिजवर लावले आहे, त्यात "आजोबांनी लाड करू नयेत" हे कलम तिच्या आईने घातले असावे. तिच्या वाट्याला पाण्याचे भांडे भरणे आणि संध्याकाळी माझ्यादेखत विंचरणे एवढेच काम दिले आहे. सात वर्षांच्या मुलीवर यापेक्षा अधिक जबाबदारी टाकून मग ती कंटाळली म्हणून तिला बोलणे मला मान्य नाही.

सोसायटीच्या बैठकीत एका सभासदाने कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी करावी असे सुचवले होते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, की बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. त्याची प्रत मी सचिवांना देईन, आणि पिशवी घेऊन विष्ठा उचलण्याची हमीही त्यासोबत देईन, म्हणजे वाद वाढणार नाही.

मुलाला पग हवा होता आणि तो अजून पूर्णपणे वळलेला नाही. पिल्लू हातात वाढताना पाहण्याची हौस राहून जाईल, असे तो जेवताना पुन्हा म्हणाला. त्याची हौस खोटी नाही. सुनेने मात्र बाल्कनीच्या कठड्याचे गज मोजून त्यांतून सहा किलोंचा प्राणी निसटू शकतो असे दाखवले आणि जाळी बसवणाऱ्या माणसाला सोमवारी सकाळी बोलावले आहे. जाळी लागेपर्यंत कुत्री तिकडेच राहील.