तुम्ही विचारलेत म्हणून : भिंतीवरच्या पुसलेल्या चित्रांविषयी

गंगापूर रोडवरच्या त्या लांब कुंपणभिंतीपाशी परांची बांधून मी जुन्या जाहिरातीवर पांढरा रंग फिरवू लागलो की येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणीतरी थांबते आणि विचारते, “स्वतः काढलेले चित्र पुसताना तुमचा हात थरथरत नाही का?” उन्हाळ्यात क्लासची जाहिरात, पाऊस सरला की दिवाळीच्या खरेदीची, मग लग्नाच्या लॉन्सची, अशी ती भिंत वर्षातून चार-पाच वेळा बदलते आणि तितक्या वेळा हा प्रश्न मला ऐकावा लागतो.

पूर्वी माझे उत्तर ठरलेले असे: दारातली रांगोळीही रोज पुसली जाते, म्हणून कोणी ती काढायची थांबते का? आज ते उत्तर मला पटत नाही. रांगोळी काढणारी बाई आपल्या अंगणात, आपल्या मनाने काढते. मी चौरस फुटाच्या दराने परक्याच्या भिंतीवर परक्याचा माल रंगवतो. परंतु विचारणाऱ्यांच्या स्वरात जी कीव असते, तीही मला मान्य नाही. फ्लेक्स आल्यावर माझ्याबरोबरचे कितीतरी पेंटर ब्रश ठेवून दुसऱ्या कामाला लागले. मी टिकलो, कारण भिंत बदलत राहिली. चित्र कायमचे राहिले असते तर माझ्या घरची चूल कशावर पेटली असती?

एकदा मात्र चित्र राहिले. २५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्याच्या चार दिवस आधी मी त्या भिंतीवर एका लॉन्ससाठी नवरी रंगवून पूर्ण केली होती: कपाळावर मुंडावळ्या, राणी रंगाचा शालू, दहा फूट उंचीचा चेहरा. चौकड्या पाडून, सूत मारून, तीन दिवस खपून केलेले ते काम मला मनापासून आवडले होते. लग्ने थांबली, लॉन्सला कुलूप लागले, नवी जाहिरात द्यायला कोणी उरले नाही आणि ती नवरी दोन पावसाळे भिंतीवर राहिली.

दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर दिवसभर ऊन असते आणि भडक लाल-गुलाबी रंग उन्हात सर्वांत आधी उडतात. पांढऱ्यात मिसळून फिके केले असतील तर आणखी लवकर. निळा आणि काळा टिकतात. गेरू, पिवडी आणि लाल ऑक्साइड हे लोहाचे रंग तर वर्षानुवर्षे हलत नाहीत. हे मला ठाऊक होते. तरीही दोन महिन्यांचेच काम आहे, असे म्हणून मी स्वस्त लाल स्टेनर, म्हणजे पांढऱ्यात मिसळायचा दाट रंग, वापरला होता. २०२१ च्या एप्रिलपर्यंत शालू राखाडी झाला, गालांवरची लाली जाऊन छायेतला निळा तेवढा वर आला आणि कपाळावरचे कुंकू पूर्णपणे उडाले.

त्याच महिन्यात, दुसऱ्या लाटेत रुग्णवाहिकांचे आवाज दिवसरात्र चालू असताना, औषधे घेऊन परतताना मी भिंतीपाशी थांबलो. तेथे उभ्या असलेल्या एका बाईंनी माझ्या हातावरचे रंगाचे डाग पाहून विचारले, “भाऊ, हे तुम्ही काढले का?” मी होय म्हटले. त्या म्हणाल्या, “तिचे कुंकू तेवढे भरून द्या हो.” मी त्यांना सांगितले की मालकाचा निरोप आल्याशिवाय मला भिंतीला हात लावता येत नाही. ते खरेच होते, पण तेवढेच खरे नव्हते. घरी लाल ऑक्साइडचा अर्धा डबा पडला होता, काम दहा मिनिटांचे होते आणि कोणीही मला अडवले नसते. आपल्या हलक्या रंगाची खूण पुन्हा आपल्याच हाताने गिरवायची मला लाज वाटली. त्या कोण होत्या, त्यांच्या घरी काय घडले होते, हे मी विचारले नाही. त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

तुळशीच्या लग्नाआधी नव्या हंगामासाठी भिंत पुसायचा निरोप आला, तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. म्हणून, पुसताना वाईट वाटत नाही का, या प्रश्नाला होय म्हणणे मला जड जाते. इतकी वर्षे पांढऱ्या रंगाने माझ्या कामातली लबाडीही झाकली आहे. पण तेवढ्याने पुसणे चांगले ठरते, असेही मी म्हणू शकत नाही, कारण काही भिंतींवरचे चांगले काम मी त्याच रंगाखाली घातले आहे.

आता कुंकू आणि ओठ मी आधी लाल ऑक्साइडने भरतो आणि त्यावर भडक लाल देतो, म्हणजे वरचा उडाला तरी खालचा राहील. ग्राहक याचे पैसे देत नाही. ऑक्साइड पांढऱ्याच्या एका हाताखाली झाकला जात नाही, पुसट दिसत राहतो; तेवढ्या जागेवर दुसरा हात मारावा लागतो. पहिला हात देताना मी थरथरत नाही. दुसऱ्याचे मला अजून सांगता येत नाही.